पोटावरची चीर आणि आतल्या नसा

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीतच आहे, बाहेर पसरलेला नाही, असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो: ‘रोबोटनं करायचं का?’ साहजिकच आहे. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रं, रक्तस्राव कमी, थोड्याच दिवसांत घरी. पण रुग्णाचं पुढचं जगणं त्या छिद्रांवर ठरत नाही. ते ठरतं मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढ्या ग्रंथीला दोन्ही बाजूंनी बिलगून जाणाऱ्या नसांवर आणि लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूवर.

या नसांची नेमकी वाट 1981 पर्यंत सर्जनना ठाऊक नव्हती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श त्या वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाच्या नसा शोधत होते, कारण प्रौढांच्या मृतदेहापेक्षा तिथे त्या स्पष्ट दिसतात. दोघांनी मिळून शिश्नाकडे जाणाऱ्या नसांचा माग काढला. त्या ग्रंथीत शिरतच नव्हत्या, तिच्या कवचाबाहेरून जात होत्या! म्हणजे ग्रंथी काढूनही त्या वाचवता येणार होत्या. तोवर या ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येक पुरुषाची ताठरता जात असे. एप्रिल 1982 मध्ये वॉल्श यांनी नसा जाणूनबुजून राखून पहिलं ऑपरेशन केलं, आणि तेही पोट उघडून. या उपचाराच्या इतिहासातली सर्वांत मोठी झेप मला हीच वाटते.

दुर्बिणीतून ग्रंथी काढणं 1990 च्या दशकात सुरू झालं. मात्र सरळ, ताठ अवजारं अरुंद ओटीपोटात हवी तशी वळत नसत. दा विंची रोबोटनं अवजाराला मनगट दिलं, सर्जनला त्रिमितीय दृश्य दिलं, हाताचा कंप गाळला. यंत्र आपणहून काहीच करत नाही. कन्सोलवर बसलेला सर्जन करतो. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मूळचे भारतीय असलेल्या डॉ. मणी मेनन यांनी ही पद्धत रुळवली.

मग रोबोटनं नसा जास्त वाचतात का? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तीनशेहून अधिक रुग्णांची रोबोट आणि पोट उघडून शस्त्रक्रिया अशा दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून हेच तपासलं गेलं. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता मात्र दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणून यंत्राच्या आधी सर्जनचा अनुभव विचारावा.

चीर अजिबात नको असेल, तर किरणोपचार आहेत. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या ‘पेस-बी’ चाचणीत फक्त 5 बैठकांत दिलेले नेमके किरण पाच वर्षांनंतर जुन्या पद्धतीइतकेच प्रभावी ठरले. सुईनं ग्रंथीत आयोडीन-125 चे इवलेसे दाणे पेरणं, ही दुसरी वाट. असे दाणे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही बनवले गेले आहेत. किरणांनीही त्रास होतो, लघवीची जळजळ होते, शौचाच्या तक्रारी उद्भवतात.

ध्वनिलहरींच्या उष्णतेनं किंवा अतिथंडीनं फक्त गाठ मारण्याचे उपचार आकर्षक आहेत. पण हा कर्करोग पुष्कळदा ग्रंथीत एकापेक्षा जास्त जागी असतो. राहिलेल्या भागावर लक्ष ठेवावंच लागतं, आणि दीर्घकाळाचा पुरावा अजून तोकडा आहे.

सौम्य रोगात सर्वांत कमी इजा करणारा मार्ग म्हणजे काहीही न कापता रक्तातल्या पीएसएची तपासणी, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करत राहणं. आपल्याकडे ‘कॅन्सर आहे आणि नुसतं बघत बसायचं?’ म्हणून घरचेच घाबरतात. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात 1643 पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत वाटलं होतं. 15 वर्षांनंतर या कर्करोगानं दगावलेले अनुक्रमे 3.1, 2.2 आणि 2.9 टक्के होते. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत 9.4 टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून देखरेखीतली एकही तपासणी चुकवू नये. आक्रमक रोगाला ही वाट लागू नाही.

सौम्य किंवा मध्यम जोखीम असेल, तर निर्णयाला काही आठवडे घेतल्यानं सहसा बिघडत नाही. त्या काळात युरॉलॉजिस्ट आणि किरणोपचारतज्ज्ञ, दोघांनाही भेटावं. पत्नीला सोबत न्यावं. ताठरतेबद्दल मोकळेपणी बोलायला संकोच वाटतो, पण जगणं दोघांचं आहे. सर्जनना सरळ विचारावं: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, माझ्या दोन्ही बाजूंच्या नसा राखता येतील का, आणि वर्षभरानंतर तुमच्या किती रुग्णांना लघवी गळते म्हणून पॅड लागत नाही?