कप्प्याबाहेरचे गाणे

गेल्या कामगारदिनी एका तरुण कामगाराने व्यासपीठावर पाच मिनिटे मागितली. त्याला रॅप म्हणावयाचे होते. आम्ही नकार दिला. रॅप म्हणजे मोटारी, गळ्यातल्या साखळ्या आणि मीपणा, एवढेच आमचे ज्ञान! पुढे त्यानेच आम्हांस मोबाइलवर मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचे 'द वारली रिव्होल्ट' ऐकविले. हे २०१९ चे. यंत्राचा ठोका, त्यावर या मुलांचे रॅप आणि आरेतील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा गळा. विषय जल, जंगल, जमिनीचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील २००० वर झाडे पडली. याला रॅप म्हणावे, लोकगीत म्हणावे, की मोर्चा?

आपल्याकडची खडी गंमत ज्यांनी पाहिली, त्यांना डफावर शब्द फेकणे नवे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत १९७३ च्या सुमारास कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून त्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबविला. त्या तालावर बोलता बोलता रॅप घडले.

इलेक्ट्रॉनिक संगीताची गोष्ट तर याहून चमत्कारिक. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रे जोडून भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. त्यांतले 'टीबी-३०३' हे यंत्र मुळात बास गिटारची उणीव भरून काढण्यासाठी केलेले. पण ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, आणि आपल्या मींडेला नेमके तेच हवे! तबकडी खपली नाही. रागदारीवाल्यांना ती डिस्को वाटली असेल, डिस्कोवाल्यांना रागदारी. त्याच यंत्रातून शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाचे 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ साली निघाले, त्याचा मात्र जगभर गाजावाजा झाला. सिंगांची तबकडी २०१० साली हॉलंडातून पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले. २०१५ साली ते वारले.

असे कलावंत शोधावयाचे तर दुकानदाराने लावलेली चिठ्ठी वाचू नये. गाण्याखालची नावे वाचावीत. ठोका कोणी बांधला, साथीला कोणाला बोलाविले? त्या एकेका नावामागे गेले की पुढचे गाणे सापडते. 'स्वदेसी'मागून जाणारा माणूस वारली पाड्यावर पोहोचतो, हे आम्ही अनुभवले.

येत्या १ मे रोजी त्या मुलाला दहा मिनिटे दिली आहेत. आमच्या जुन्या डफवाल्याला साथ करशील का, म्हणून विचारले. तो म्हणाला, "आधी ठोका तर ऐकवा."