उंच इमारतीतला गालिचा : धुणे सोपे, वाळवणे अवघड

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी पुण्यातल्या वाड्यांतून आणि लहान इमारतींच्या गच्च्यांवरून सतरंज्या, जाजमे बडवल्याचा आवाज ऐकू येत असे. उन्हात दिवसभर पसरलेला गालिचा संध्याकाळी घरात यायचा, तेव्हा त्याला उन्हाचा वास असायचा. आता बाणेर, बालेवाडी, खराडी, हडपसर अशा भागांत वीस-पंचवीस मजली इमारती उभ्या आहेत. तिथे अनेक ठिकाणी गच्चीला कुलूप असते आणि बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालायला सोसायटीची मनाई असते. ही मनाई अनाठायी नाही. ओला गालिचा कोरड्यापेक्षा कितीतरी जड होतो. तो विसाव्या मजल्यावरून घसरला, तर खाली चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

गालिचा गच्चीवर नेता येत नाही, म्हणून स्वच्छतेचे यंत्रच गालिच्यापाशी आणावे, हा विचार साहजिक आहे. त्यासाठी हाताने नेता येणारी यंत्रे आता विकत मिळतात आणि सफाईचे काम करणारी मंडळीही ती घेऊन घरी येतात. मात्र यंत्र घरात आले म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही.

रस्त्यावरून घरात

या यंत्राचा पूर्वज रस्त्यावरच उभा राहत असे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या ब्रिटिश अभियंत्याने १९०१ मध्ये हवेच्या ओढीने धूळ खेचणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून आणावे लागे आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर यांनी एका माणसाला सहज वापरता येईल असे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. स्पँगलर एका दुकानात सफाईचे काम करीत, त्यांना दमा होता आणि गालिच्यांच्या धुळीने तो बळावत असे. आपल्याकडे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गाच्या परिचयाचा केला.

परदेशांत गालिचे धुण्यासाठी मोटारीवर बसवलेली मोठी यंत्रे आजही वापरली जातात. परंतु नळी जितकी लांब, तितकी तिची ओढ क्षीण होते. त्यामुळे उंच इमारतीत सुटसुटीत यंत्राला फारसा पर्याय उरत नाही.

यंत्र नेमके काय करते?

या यंत्रात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि दुसरी मळक्या पाण्याची. पंप पाणी व सौम्य साबण गालिच्यावर फवारतो, ब्रश तंतू मोकळे करतो आणि हवेच्या ओढीने ते पाणी मळासकट दुसऱ्या टाकीत खेचले जाते. घरगुती यंत्राच्या टाकीत जेमतेम दोन-चार लिटर पाणी मावते, तर व्यावसायिक यंत्रांच्या टाक्या त्याहून बऱ्याच मोठ्या असतात.

पाणी लावण्यापूर्वी साध्या व्हॅक्यूम क्लीनरने गालिचा दोन्ही बाजूंनी सावकाश कोरडा साफ करणे अत्यावश्यक आहे. गालिच्यातला बराचसा मळ म्हणजे कोरडी धूळ आणि बारीक वाळू असते. तिच्यावर पाणी पडले की तिचा चिखल होतो आणि तो तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो.

पाण्याचा हिशेब

यंत्र चांगले की वाईट, काम नीट झाले की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. किती लिटर पाणी घातले आणि मळक्या टाकीत किती परत आले, हे मोजावे. समजा, आठ फूट बाय पाच फुटांच्या गालिच्याला सहा लिटर पाणी लागले आणि साडेचार लिटर परत मिळाले. उरलेले दीड लिटर गालिच्यातच आहे. फवारणीचा खटका न दाबता, फक्त ओढ चालू ठेवून त्याच पट्ट्यावरून दोन-तीनदा यंत्र फिरवले, तर त्यातले आणखी बरेच पाणी निघते. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते.

साबणाचेही तसेच आहे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छता, हा गैरसमज आहे. तंतूंत राहिलेला साबण चिकट होऊन नवी धूळ धरून ठेवतो आणि गालिचा महिनाभरात पूर्वीपेक्षा मळकट दिसू लागतो. म्हणून शेवटचा हात नुसत्या पाण्याचा असावा.

पुण्याची हवा कोणाच्या बाजूने?

गालिचा २४ ते ४८ तासांच्या आत पूर्ण वाळला नाही, तर त्यात बुरशी धरण्याचा धोका असतो. धुळीतले सूक्ष्म कीटकही दमट जागीच वाढतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. घरात दम्याचे रुग्ण किंवा रांगणारे मूल असेल, तर अर्धवट वाळलेला गालिचा धूळभरल्या गालिच्याहून अधिक त्रासदायक ठरू शकतो. ज्या आजारापासून सुटका हवी, त्यालाच आपण घरात आणतो.

इथे पुण्याची हवा वर्षातले काही महिने आपल्याला साथ देते. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्या खाली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवा सतत दमट राहते. म्हणून गालिचा ओला करण्याचे काम पाऊस ओसरल्यावर ते मेअखेरपर्यंत करावे आणि सकाळी सुरू करावे. पावसाळ्यात केवळ डाग तेवढा टिपून घ्यावा.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ शोषतच नाहीत. त्यामुळे फरशी आणि गालिचा यांच्यामध्ये ओल कोंडून राहते. धुतलेला गालिचा दोन-तीन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवा टाकावा, खिडक्या उघडाव्यात आणि पंख्याचा झोत खालूनही मिळेल असे पाहावे. जिन्यात किंवा आगीच्या वेळी आश्रयासाठी राखलेल्या रेफ्यूज एरियात मात्र गालिचा कधीही पसरू नये.

मळके पाणी कुठे जाते?

टाकीतले काळे पाणी अनेक जण बाल्कनीच्या जाळीत ओततात. मोठ्या संकुलांत ही जाळी बहुधा पावसाच्या पाण्याच्या नळाला जोडलेली असते आणि तो नळ कित्येकदा पर्जन्यजल जिरवण्याच्या खड्ड्याकडे जातो. ज्या बोअरवेलसाठी तो खड्डा केला, तिच्याच वाटेवर आपण साबण आणि मळ सोडतो. हे पाणी फडक्यातून गाळून, तंतू व केस वेगळे काढून शौचालयातच ओतावे.

ज्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तिथे आणखी एक पथ्य पाळावे. या केंद्रात घाण विघटित करण्याचे काम जिवाणू करतात. ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशके त्यांना मारक ठरतात, तर अतिफेसाळ साबण टाक्यांत फेसाचे डोंगर उभे करतो. एका घरची बादली त्यात विरून जाईल. परंतु दिवाळीच्या आठवड्यात शंभर घरांनी तेच केले, तर शुद्ध होऊन फ्लशसाठी परत येणाऱ्या पाण्याला वास येऊ लागेल.

वीज आणि शेजारधर्म

पाणी तापवणारे यंत्र १,८०० वॅटचे असेल, तर २३० व्होल्टवर ते जवळपास ८ अँपिअर वीज घेते. दिवाणखान्यातले साधे ६ अँपिअरचे सॉकेट त्यासाठी पुरेसे नाही. १६ अँपिअरचेच वापरावे. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये आणि गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी चालू स्थितीत आहे, याची खात्री करावी. दिवे गेल्यावर सोसायटीच्या जनरेटरवर हे यंत्र लावणे टाळावे. आवाज भिंतींतून आणि स्लॅबमधून झिरपतो, हे लक्षात घेऊन दुपारची झोप आणि रात्रीची वेळ सोडून काम करावे. भरलेली टाकी लिफ्टमधून नेऊ नये.

सगळेच गालिचे यंत्राचे नव्हेत

नायलॉन वा पॉलिप्रॉपिलीनचे गालिचे यंत्राने धुणे बहुधा निर्धोक असते. लोकरीला थंड किंवा कोमट पाणी आणि लोकरीसाठीचाच सौम्य साबण हवा. तागाच्या गालिच्यावर ओलीने तपकिरी डाग उमटतात. काश्मिरी रेशमी किंवा हाताने गाठी मारलेला जुना गालिचा जाणकाराच्याच हाती द्यावा. शंका असल्यास ओले पांढरे फडके एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर यंत्र बाजूला ठेवावे.

गच्चीवरचे ऊन कोणतेही यंत्र घरात आणू शकत नाही, हे खरे. पण घातलेले पाणी मोजून परत काढले, कोरडा ऋतू निवडला आणि आपले मळके पाणी योग्य वाटेने सोडले, तर विसाव्या मजल्यावरचा गालिचाही निरोगी राहील आणि खालच्या मजल्याशी संबंधही!