गुलाबी दंडाणूचा माग
ब्लड कल्चरच्या यंत्राचा बीप वाजला की प्रयोगशाळेतली बाकीची कामं बाजूला पडतात. बाटलीत काहीतरी वाढतंय, एवढंच यंत्र सांगतं. काय वाढतंय ते आम्ही शोधायचं.

बाटलीतला थेंब स्लाइडवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, मग एक मिनिट आयोडीन. त्यानंतर अल्कोहोल, आणि ग्यानबाची मेख इथेच आहे. ते काही सेकंद जास्त झालं तर जांभळे राहायला हवेत ते जंतूही रंग सोडतात. कमी पडलं तर सगळेच जांभळे दिसतात. नव्या रेसिडेंटना मी सांगते, घड्याळाकडे नको, स्लाइडवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघा. त्यात जांभळी छटा दिसेनाशी झाली की लगेच पाणी. शेवटी सॅफ्रॅनिन. हान्स ख्रिश्चन ग्रामने 1884 साली बर्लिनमधून ही रीत जगापुढे मांडली आणि अजून तिच्यावाचून आमचं पान हलत नाही.

तेलाच्या लेन्सखाली गुलाबी दंडाणू दिसले, की जंतू ग्राम निगेटिव्ह. त्यांची पेशीभित्ती पातळ असते आणि तिच्याबाहेर एक स्निग्ध पटल असतं. अल्कोहोलने ते विरतं आणि जांभळा रंग निसटतो. जिवंत जंतूत हेच पटल व्हँकोमायसिनसारख्या मोठ्या रेणूच्या औषधाला बाहेर अडवतं. म्हणजे नाव कळायच्या आधी, नुसत्या रंगावरूनही उपचार बदलू शकतो. म्हणून छापील रिपोर्टची वाट न बघता मी वॉर्डात फोन करते आणि ऐकणाऱ्याकडून निष्कर्ष पुन्हा म्हणवून घेते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर मात्र चकवतो. तो आखूड, जवळजवळ गोल असतो आणि कधी कधी जांभळा रंग सोडतच नाही.

बाटलीतला थेंब प्लेटवरही पेरलेला असतो; दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्लेट उघडायची. मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज आंबवणारे जंतू गुलाबी उमटतात: ई. कोलाय सपाट आणि कोरडा, क्लेब्सिएला फुगीर, बुळबुळीत, लूप लावला तर तार धरणारा. स्यूडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर साधारण फिकेच राहतात. त्यांना वेगळं काढायला ऑक्सिडेजची पट्टी. ब्लड अगारवरची कॉलनी लाकडी काडीने पट्टीवर घासायची. निक्रोमच्या लूपने खोटा रंग येऊ शकतो. दहा सेकंदांत गडद जांभळा आला तर स्यूडोमोनासकडे बोट, नाही आला तर अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा संशय.

मग नळ्या. इंडोलवर लाल कडं आलं आणि सिट्रेट हिरवंच राहिलं तर ई. कोलाय. सिट्रेट निळं, युरियेज गुलाबी आणि इंडोल कोरं, तर बहुधा क्लेब्सिएला न्यूमोनिए. मॅल्डी-टॉफ यंत्र असेल तिथे हेच नाव काही मिनिटांत मिळतं. तरी विद्यार्थ्यांनी नळ्या लावाव्यात असं माझं ठाम मत आहे. जंतू काय खातो, काय सोडतो, हे त्यातूनच कळतं.

सँपल बिघडलं असेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. लघवीचंच उदाहरण घ्या, ती दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायला हवी. वॉर्डात ती तशीच राहिली तर चार जंतूंचे लाखो होतात आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं. सँपल आणणाऱ्या मामांना हे समजावण्यात गेलेला वेळ मला कधीच वाया वाटत नाही.

नावानंतर खरा प्रश्न येतो, की याला कोणतं औषध लागू पडेल? म्युलर-हिंटन प्लेटवर जंतूची सारखी पेरणी करून औषधाच्या चकत्या ठेवतात. मेरोपेनेमच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ नसेल, जंतू थेट कडेपर्यंत भिडला असेल, तर आणखी दोन फोन होतात: एक डॉक्टरांना, एक संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरना, कारण त्या रुग्णाला हाताळण्याचे नियम तिथपासून बदलतात. डॉक्टर मग विचारतात, कोलिस्टिन तरी लागू पडेल का? त्याचं उत्तर चकतीवर मिळत नाही, कारण त्याचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही. त्यासाठी बारीक खाचांच्या ट्रेमध्ये औषध निम्म्या-निम्म्याने पातळ करत न्यायचं, प्रत्येक खाचेत जंतू सोडायचा आणि पुन्हा 16 ते 20 तास थांबायचं.