आधी सर्टिफिकेट, मग लग्न?

जोगेश्वरी पश्चिमेला, स्वामी विवेकानंद मार्गालगतच्या एका वकीलबाईंच्या टेबलाशी बसून मी विवाह नोंदणीचे अर्ज भरले जाताना पाहिले. नमुना 'ड', वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधी चालू असतानाचा फोटो, तीन साक्षीदार. शेवटी भटजींची किंवा काझींची सही. त्या रकान्यापाशी बाई पेन खाली ठेवतात.

"लग्न कुठे लागलं?"

"लागायचंय अजून," मुलीची आई सांगते. "जावईबापू न्यू जर्सीला असतात, तीन आठवड्यांच्या रजेवर आलेत. विधी डिसेंबरात. तोवर सर्टिफिकेट हातात आलं की हिच्या व्हिसाचं काम सुरू होईल."

बाई अर्ज परत करतात. या घराला कुणाला फसवायचं नाही, फक्त घाई आहे. पण न झालेल्या लग्नाची तारीख लिहायची, त्याखाली भटजींची सही घ्यायची, हे खोटंच. शिवाय त्या कागदाने लग्न होत नाही. 19 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन वैमानिकांच्या प्रकरणात हेच सांगितलं. त्यांच्याकडे एका संस्थेचं प्रमाणपत्र होतं, सरकारी नोंदणीही होती. विधी मात्र झालेच नव्हते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार विधी नाहीत म्हणून ते पती-पत्नीच नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं. व्हिसासाठी अशी आगाऊ नोंदणी केली जाते, याचीही दखल त्या निकालात आहे.

याची उलटी बाजू मला जास्त भीतीदायक वाटते. केवळ परदेशी जाण्यासाठी, पण रीतसर सप्तपदी चालून केलेलं लग्न 'कागदी' राहत नाही. कलम 5 वय पाहतं, आधीचा जोडीदार हयात आहे का ते पाहतं, नातं पाहतं; लग्न कशासाठी करताय, हे विचारत नाही. दोघं संगनमताने बोहल्यावर चढले असतील तर नंतर फसवणुकीचं कारण सांगता येत नाही. घटस्फोटच घ्यावा लागतो.

अमेरिका मात्र हेतूच तपासते. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर जोडीदाराला ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं, सशर्त मिळतं. 1986 च्या कायद्याने ही अट आली. बनाव सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे खरं लग्न केलं तरी त्या जोडीदाराच्या अर्जावर ग्रीन कार्डची वाट बंद. म्हणजे इथे वैध ठरलेलं लग्न तिथे गुन्हा ठरू शकतं.

खरोखरच घाई असेल तर बाई विशेष विवाह कायद्याचा मार्ग सुचवतात. 30 दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार. विधींची गरज नाही. मात्र त्या सहीपासून तुम्ही नवरा-बायको. डिसेंबरआधी बिनसलं तर साखरपुडा मोडल्यासारखं मोकळं होता येत नाही. एरवी वर्षभर घटस्फोटाचा अर्जसुद्धा करता येत नाही. मुलीच्या आईवडिलांनो, तिच्या हातात पेन देण्याआधी हे तिला नीट सांगा.