व्हीलचेअरवरचं वजन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मज्जारज्जूला इजा झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की स्वयंपाकघर कामाला लागतं. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, दोन वेळा दूध. 'खाल्लं तरच ताकद येईल,' असं आई म्हणते. माया खरी आहे, पण हिशोब बदललाय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. इजेच्या खालचे स्नायू काही आठवड्यांतच झिजू लागतात, आणि शरीर रोज जी ऊर्जा जाळतं त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. प्रकृती स्थिरावल्यावर पॅराप्लेजियात, म्हणजे हात शाबूत पण पाय लुळे असताना, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 28 कॅलरी पुरतात. हातही गेले असतील तर 23च्या आसपास. म्हणजे 60 किलोच्या माणसाला अंदाजे 1,680 किंवा 1,380. ताट मात्र पूर्वीचंच, वर लाडू. अशा माणसाला 'जिभेवर ताबा नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

'बीएमआय 24 आहे, म्हणजे ठीक' हाही मोठा गैरसमज. झिजलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते, काटा तेवढाच राहतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2018 साली या रुग्णांसाठी लठ्ठपणाची रेषा 22वर आणली. 'उभंच राहता येत नाही, वजन कसं करणार?' असंही विचारलं जातं. पोती मोजायचा मोठा काटा चालतो: आधी खुर्चीसकट वजन, मग रिकाम्या खुर्चीचं, आणि वजाबाकी. दर वेळी उशी तीच हवी. पुढे आलेलं पोट मात्र सगळं चरबीचंच असतं असं नाही. पोटाचे स्नायू लुळे पडले की त्यानेही पोट सुटतं.

'अंगावर मांस असलं की बेडसोअर होत नाहीत' ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. चरबी म्हणजे गादी नव्हे. वजन वाढलं की पलंगावरून खुर्चीत सरकताना अंग नीट उचललं जात नाही, घासत जातं, आणि तिथेच कातडी फाटते. खांद्यांवर भार येतो तो वेगळाच. तेच खांदे आता पायांचं कामही करत असतात. उचलून ठेवणाऱ्या बायकोची कंबरही जाते.

'हातांचा व्यायाम केला की वजन उतरेल' हे अर्धंच खरं. हातांचे स्नायू लहान, त्यात इजा वरच्या भागात असेल तर हृदयाचे ठोकेही फारसे वाढत नाहीत. त्यामुळे कॅलरी कमी जळतात. तरी आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल इतका व्यायाम हृदयासाठी आणि साखरेसाठी हवाच. वजन मुख्यतः ताटातूनच उतरतं: भात-पोळी कमी, उसळ, अंडं, ताक, पालेभाजी जास्त. बेडसोअर उघडा असेल तर मात्र प्रथिनं जास्त लागतात. अशा वेळी उपास करू नका, जेवण कमी करायचं ते आहारतज्ज्ञाला विचारूनच.