पोटरीचा ताण आणि वावरातली चाल

चालता चालता पोटरी भरून येते, दोन-चार मिनिटं थांबलं की उतरते, तेवढंच अंतर चाललं की पुन्हा भरते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही खूण सहसा वाताच्या खात्यावर जमा होते. बिडी आणि मधुमेह ही तिची दोन मोठी कारणं यवतमाळ जिल्ह्यात परकी नाहीत. अशा रुग्णाला चालवायचं की बसवायचं, याचा गेल्या साठेक वर्षांचा मागोवा घेतला तर कौल चालण्याच्याच बाजूने जातो. 1966 साली डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी अवघ्या 14 रुग्णांवर चालण्याच्या सरावाचा गुण दाखवला आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांनी तो पक्का केला. पोटरी ताणण्याचा उपाय त्या मानाने अगदी अलीकडचा. 2019 साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी 13 वयस्क रुग्णांच्या घोट्याला पट्टी बांधून पोटरी रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे ताणून धरली. गुडघ्यामागची धमनी पूर्वीपेक्षा चांगली फुलू लागली आणि सहा मिनिटांत कापलं जाणारं अंतरही वाढलं. निष्कर्ष आशादायक आहे, पण तेरा माणसं एका काळीपिवळीत कोंबून मावतील. शिवाय तो ताण पट्टीने अर्धा तास टिकवलेला होता. भिंतीला हात टेकून दिलेला मिनिटभराचा झटका तेच काम करेल असं त्यातून सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आमचा माणूस दिवसभर वावरात चालतोच, त्याला आणखी काय चालवता? याचं उत्तर 2021 साली अमेरिकेत मिळालं. 305 रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीत दुखू न देता सावकाश चालणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही; पोटरी दुखेल इतक्या वेगाने चालून, थांबून, पुन्हा चालणाऱ्यांचं सहा मिनिटांतलं अंतर सरासरी तीसेक मीटरने वाढलं. निंदणात, वेचणीत माणूस पावलापावलाला थांबतो. त्यात कष्ट भरपूर, पण हा सराव नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुरावा इतका तोकडा, तर ताण सांगायचाच कशाला? कारण उमरखेडहून आठवड्यातून तीनदा यवतमाळला फिजिओथेरपीसाठी येणं कुणाला परवडत नाही आणि मे महिन्यात सकाळी नऊनंतर रस्त्यावर पाऊल ठेववत नाही. पाय लांब करून बसावं, तळव्याच्या पुढच्या भागाला पंचा अडकवून तो हळू आपल्याकडे ओढावा, गुडघा सरळ ठेवावा. खर्च काही नाही. मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि पहाटेचं चालणं न सोडता. रात्री पाय ठणकून झोप मोडत असेल, खाटेखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल किंवा बोटाची जखम चिघळत असेल, तर पंचाही नको आणि चालणंही नको; त्याच दिवशी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं.