क्लिअरकोट : गाडीची चकाकी आणि रंगाऱ्याची छाती

दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी चकाकते, तेव्हा आपण तिच्या रंगाचे कौतुक करतो. वास्तविक आजच्या बहुतेक गाड्यांवरचा रंगाचा थर सुकल्यावर मंदच दिसतो. चकाकी येते ती त्यावरच्या पारदर्शक थरामुळे. गॅरेजवाले त्याला नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पुस्तके वाचून आणि कर्जत-खालापूरकडच्या रंगकामाच्या शेडमध्ये उभे राहून जे उमगत गेले, ते येथे मांडतो.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर. सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यात क्लिअरचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून सहसा कमीच. कल्पना जुनी आहे. सावंतवाडीच्या गंजिफांवरही चित्र रंगवून झाले की लाखेचा लेप चढवतात. मोटारींवर ही पद्धत १९८०च्या दशकात सर्रास रुळली. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. त्या उघड्या राहिल्या तर हवापाण्याने निस्तेज होतात.

क्लिअरमध्ये दोन तऱ्हेची संरक्षक द्रव्ये असतात. एक अतिनील किरण शोषून घेते; दुसरे उन्हामुळे सुरू झालेली रेणूंची मोडतोड पुढे पसरू देत नाही. दोन्ही वर्षानुवर्षे खर्ची पडतात. बॉनेट आणि टपावरची साल आधी सुटते, कारण ऊन तिथे थेट पडते. पॉलिशने ओरखडा जातो तोही भरून निघाल्यामुळे नव्हे. भोवतीचा क्लिअर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवलेला असतो. प्रत्येक पॉलिशबरोबर ही शिल्लक घटते.

कारखान्यात नुसती बॉडी सुमारे १४० अंशांच्या भट्टीतून जाते आणि थर पक्का होतो. गॅरेजात गाडी टायर, वायरिंग, सीटसकट उभी असते. तिला एवढी आच देता येत नाही. म्हणून क्लिअरमध्ये ‘हार्डनर’ मिसळतात. त्यातले आयसोसायनेट ॲक्रिलिक रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जखडते. त्यांचे असे जाळे विणले जाते, की मग थिनरनेही ते विरघळत नाही.

पण आयसोसायनेटची पाण्याशीही क्रिया होते. ओलावा सापडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे राहतात. बोरघाटाच्या पायथ्याशी जुलैत हवा ओलीचिंब असते. जाणता पेंटर तेव्हा उघडिपीची वाट पाहतो.

ओलाव्यापासून काम जपणाऱ्या या माणसाला त्याच आयसोसायनेटपासून कोण जपते? गनमधून सुटलेले तुषार श्वासावाटे छातीत जातात आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्राही धाप लागायला पुरते. काहींना हे काम कायमचे सोडावे लागते. ब्रिटनमध्ये व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेट गणले जाते. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्यासाठी नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि तुषार बाहेर ओढून घेणारी बंदिस्त खोली लागते. गन बंद केल्यावरही डोळ्यांना न दिसणारे तुषार काही मिनिटे तरंगत असतात, आणि नेमका तेव्हाच पेंटर तोंड उघडे करून काम न्याहाळतो. मी पाहिलेल्या बहुतेक शेडमध्ये रुमालच होता.

गाडी रंगवायला देताना आपण शेड जुळेल का, माल कुठल्या कंपनीचा, हे विचारतो. पेंटरकडे मास्क आहे का, तेही विचारावे. त्यापोटी बिलात चार पैसे जास्त लागले तर तिथे घासाघीस करू नये.